झळ कुठं सोडायची?

‘होळी जळाली, थंडी पळाली’ असं आपण म्हणतो. यंदा थंडीनं होळीची वाटसुद्धा बघितली नाही, आधीच काढता पाय घेतला. परवा उद्यमबागेतल्या कारखान्यातनं दुपारीच घरी आले. स्कूटर दारात लावली, हेल्मेट काढलं, तर डोक्यातनं वाफ निघतेय असं वाटलं. चप्पल काढते न काढते तोच आतनं आईची हाक आली, “सुमे, आता काढ गं ते धुराडं.”

धुराडं म्हणजे आमचा एसी. चाकांवर ढकलत न्यायचा, लहानशा कपाटाएवढा, पाठीतनं जाडजूड नळी निघालेला. त्याच्या खोक्यावर इंग्रजीत भलंमोठं नाव आहे. दुकानदार त्याला पोर्टेबल म्हणतो. आमचे मिस्टर हुबळीला नोकरीला असतात, शनिवारी येतात. ते त्याला ‘थोरला जावई’ म्हणतात, कारण सासूबाई त्याचे लाड जास्त करतात अशी त्यांची तक्रार आहे. पण घरात चाललं ते आईनं ठेवलेलंच नाव.

पावसाळाभर आणि थंडीभर तो कोपऱ्यात वाकळ पांघरून बसलेला असतो. मी वाकळ ओढली तर आतनं कडुनिंबाचा वाळका पाला गळला. तो आईनंच घातलेला. मशीनला कसर लागत नसते हे तिला पटवायचा नाद मी कधीच सोडून दिलाय. नळीची घडी उलगडली तशी ती करकरली, आणि तो आवाज कानात गेला मात्र, दोन वर्षांमागचा सगळा उन्हाळा समोर येऊन उभा राहिला. समोरच्या दारातली गंगव्वाची सुताच्या कांड्या भरायची चरखी. चुलीच्या खोलीतला जुन्या काजळीचा वास. आईच्या कॉटखालचं बोचकं.  त्या उन्हाळ्यात मला एकच भीती होती, आई मला सोडून निपाणीला निघून जाईल.

खरं तर बेळगावातल्या बाईनं एसीवर लिहायचं म्हणजे जरा लाजच आहे. आमचं गाव म्हणजे गरिबाचं महाबळेश्वर. माझ्या सासूबाई सांगायच्या, त्यांच्या लग्नात कुणीतरी आहेर म्हणून टेबलफॅन दिला, तेव्हा घरातली माणसं रुसली होती. ‘आमच्या घरात वारा येत न्हाय असं म्हणायचंय काय यांना?’ चैत्रातसुद्धा पहाटे पायाशी ठेवलेली गोधडी वर ओढावी लागायची. मे महिन्यात कोल्हापूरकडचे पाहुणे यायचे, दारात सतरंजी टाकून पसरायचे, आणि आम्ही ती हवा आमच्याच मागावर विणून काढल्यासारखी मिरवायचो. आता झाडं गेली, विहिरी बुजल्या, अंगणांना फरशी आली. वारा अजून येतो, पण रस्त्याची धूळ आणि डांबराची ऊब घेऊन येतो. हवेचा अभिमान मात्र जागच्या जागी आहे. घाम पुसत पुसत आम्ही तो पाहुण्यांना सांगतो.

आई निपाणीची. लग्न होऊन आली ती थेट तंबाखूच्या वखारीत चाळणीवर बसली आणि केस पिकल्यावरच उठली. तिच्या लुगड्याला, तिच्या हाताच्या भाकरीला, ती कुशीत घ्यायची त्या कुशीला, सगळ्याला तंबाखूचा वास. शाळेत बाकावर शेजारी बसणाऱ्या पोरी नाक मुरडायच्या, आणि मला मात्र त्या वासानं झोप लागायची. चाळताना उडणाऱ्या तंबाखूच्या धुळीवर, त्या खकाण्यावरच माझं शिक्षण झालं. डिप्लोमा झाला, बेळगावला नोकरी लागली, आता एका फौंड्रीत मी परचेस बघते. लोखंडाच्या भंगारापासून चहाच्या पावडरीपर्यंत काय घ्यायचं आणि कुणाला घासायचं, याचा मला पगार मिळतो. आईला वखारीनं काय दिलं म्हणाल, तर दमा दिला. जिना चढली की छातीत शिट्टी वाजते.

आणि एक हट्ट दिला. आई बंद खोलीत राहत नाही. थंडी असो, पाऊस असो, बसमध्ये बसली तरी आधी खिडकीची काच सरकवणार, मग तिकीट काढणार. निपाणीतल्या आमच्या पत्र्याच्या घराचं दार पुरतं लागलेलं मी कधी बघितलंच नाही. चौकटीत तिची एक चप्पल आडवी सारलेली असायचीच. विचारलं तर म्हणायची, “वारं यावं, जावं.” इतकंच.

वडील गेले आणि ती एकटी राहायला लागली, तेव्हा मी तिला बेळगावात, खासबागेतल्या आमच्या घरी आणलं. आणलं कसलं, पळवून आणलं म्हणा. ‘चार दिवस चल’ म्हणाले आणि परतीचा विषयच काढला नाही. तिनंही काढला नाही. पण आमच्या भाड्याच्या कौलारू घरात कॉट टाकून घेतली ती गल्लीच्या खिडकीला लागून, आणि खिडकी सताड उघडी.

त्या वर्षी जयंतीच्या निळ्या पताका अजून गल्लीवर फडफडत होत्या. उकाडा असा, की भिंतीला हात लावला तर भिंत तापलेली. पंखा फिरायचा आणि तोच गरम वारा घुसळायचा. खिडकीतनं धूळ यायची. एका दुपारी आईचा श्वास जो अडकला, तो काही केल्या सुटेना. रिक्षात तिला धरून बसले होते तेव्हा तिचे खांदे वर-खाली होत होते आणि मी मनात नुसतं ‘आई, आई’ म्हणत होते. दवाखान्यातनं घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, “धूळ आणि उकाडा, दोन्ही यांना सोसणार नाही. कूलर नको, दमट हवेनं आणखी जड होईल. खिडकी बंद ठेवा, खोली गार ठेवा.”

आईनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. घरी आल्यावर तिनं आपली लुगडी काढली, चष्मा, औषधं, वडिलांचा फोटो, सगळं एका जुन्या निळ्या लुगड्यात बांधलं आणि ते बोचकं कॉटखाली सारलं.

“मला बसमधी बसीव,” ती म्हणाली. “माझ्या दारात बसून मरंन, पण खिडकी लावून जगायची न्हाय मी.”

“पत्र्याखाली चार दिवस तरी निघतील काय गं तुझे?”

“इतकी वर्सं निघाली न्हवं?”

 तिला निपाणीला पाठवणं म्हणजे काय, हे मला कळत होतं. तिलाही कळत होतं. एवढंच कबूल करून घेतलं, की मी खोली गार करायची काहीतरी सोय करते, तोवर थांब. ती बरं म्हणाली, पण बोचकं काही सोडलं नाही. रोज केर काढताना मी ते उचलायची आणि पुन्हा जागेवर ठेवायची.

मग खरेदी. भिंतीला भोक पाडून बाहेर डबा टांगायचा तो एसी घ्यावा, तर घरमालकांनी पुण्याहून फोनवर सांगितलं, भिंतीला खिळासुद्धा मारायचा नाही. उरला तो चाकावरचा. दुकानात आईला बरोबर घेऊन गेले. विकणारा गोड बोलणारा होता. “मॅडम, नळी वगैरे लावायची काही गरज नाही. नुसता खोलीत ठेवा, बटन दाबा, गार.”

मी म्हटलं, “अहो दादा, मी भट्टीच्या कारखान्यात काम करते. याचं तोंड गार आणि पाठ गरम. पाठही खोलीतच ठेवली, तर एका हातानं द्यायचं आणि दुसऱ्या हातानं काढून घ्यायचं, असला व्यवहार झाला. नळी दाखवा. किती लांब आहे ते बघू.” तेव्हा गडी जरा सावरून बसला. नळी जेवढी आखूड तेवढी बरी. लांबवली, वाकवली की आतली गरमी परत खोलीत उतरते, हे मग त्यानंच सांगितलं. आवाज किती करतो, पाणी कुठं साठतं, चाकं उंबरा ओलांडतील का, सगळं विचारून झालं. शेवटी तो म्हणाला, “तुमच्या खोलीला एक टन पुरे.”

आई दचकली. “एक टन? आगं, टनावारी तंबाखू चाळलाय मी, मला नगं सांगू. हे ढकलायला हमाल लागत्याल की.”

टन हे त्याचं वजन नसतं, गार करायच्या ताकदीचं माप असतं, हे सांगेपर्यंत तिनं दुकानात चालू ठेवलेल्या मशीनच्या तोंडासमोर तळवा धरला होता. मग वळसा घालून मागं गेली, नळीपाशी तळवा धरला आणि चटकन काढून घेतला.

“तोंडात गार, पाठीत जाळ. आन् ह्यो जाळ जायाचा कुटं?”

“या नळीतनं बाहेर.”

“म्हंजे धुराडं म्हण की सरळ,” आई म्हणाली. नाव पडलं ते तिथं.

मशीन घरी यायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आईनं ही बातमी समोर गंगव्वाला सांगितली. गंगव्वा आईच्याच वयाची, विणकराच्या घरातली. घरात मुलगा मागावर बसतो आणि ही दिवसभर उंबऱ्यावर बसून चरखीवर कांड्या भरते. तिचं मराठी कन्नड वळणाचं, आणि आईचं कन्नड ‘बर्री, होग्री, साकु’, म्हणजे या, जा, पुरे, एवढ्यावर संपतं. बाकीचं दोघी हातवाऱ्यांवर भागवतात. आईनं सांगितलं, “उद्या आमच्या घरी एसी येणार हाय.”

सकाळी उठून बघते तर गंगव्वानं आपल्या दाराबरोबर आमचंही दार सारवल्यागत धुऊन काढलेलं, रांगोळी घातलेली, आणि ही ठेवणीतलं इरकल नेसून उभी. “एसी साहेब कधी यायलेत?” मला विचारते. “माझा पगार अडकलाय न्हवं, तेवढं त्यांच्या कानावर घालायचं होतं.” आमच्या कर्नाटकात डीसी काय, एसी काय, हे सरकारी साहेब असतात, आणि विधवेच्या पेन्शनला पगार म्हणतात. बिचारी रात्रभर गाऱ्हाणं पाठ करत बसली असणार. टेम्पो आला, त्यातनं खोकं उतरलं. गंगव्वा खोक्याच्या मागं बघते, टेम्पोत वाकून बघते. “साहेब कुठाय?” मी खोक्यावर हात ठेवला. “हेच साहेब.” आधी तिला कळेना, मग कळलं, आणि मग ती जी हसत सुटली! “यव्वा! गार साहेब!” आईला खोकला येईपर्यंत दोघी हसल्या. पगाराचं नंतर मी रीतसर बघितलं, तो भाग वेगळा.

रविवारी मिस्टरांनी नळी बसवायला घेतली. खोक्यात खिडकीसाठी प्लास्टिकची पट्टी होती, पण ती सरकत्या काचांच्या खिडकीला. आमच्या खिडकीला लोखंडी गज, दोन लाकडी झडपा, आणि चौकट काटकोनात असेल तर शपथ. शेवटी प्लायवुड कापलं, त्याला गोल भोक पाडलं, नळीचं तोंड गजांना टेकवलं आणि फटी चिकटपट्टीनं बुजवल्या. बटन दाबलं. थोड्या वेळानं खोली खरंच गार झाली हो! आईच्या कपाळावरचा घाम वाळला, खांदे खाली आले. मला इतका आनंद झाला, की स्वयंपाकघरात जाऊन मी डोळे पुसून आले.

परत येते तर आई कॉटच्या कडेला, बसस्टँडवर बसल्यासारखी बसलेली. नजर त्या प्लायवुडकडं. मग उठली आणि बाहेर पायरीवर जाऊन बसली, उन्हात.

“काय झालं गं? गार वाटत नाही?”

“गार हाय की. पण बंद हाय.”

तो आठवडा तसाच गेला. श्वास लागला की आत यायची, जरा सावरली की बाहेर. खोली गार, कॉट रिकामी. मी चिडले, विनवलं, ओरडलेसुद्धा. ती ऐकून घ्यायची आणि पदर सावरून बाहेर जायची.

आणि त्यातच एका संध्याकाळी कामावरनं आले, तर मशीन बंद, आणि आई बोचकं मांडीवर घेऊन दारात बसलेली. डोळे लाल.

“निघाले मी. गंगव्वा माझ्या तोंडावर म्हणली, तुमी आमच्या घरात गाळी देताय. मी? वखारीत मुकादमाच्या शिव्या खाल्ल्या, पर उलटून कुणाला कदी शिवी न्हाय दिली. आन् ह्या वयात मला म्हणती, शिवीगाळ करताय?”

“काय म्हणाली ती, नक्की शब्द सांग.”

आईनं आठवून आठवून सांगितलं, “निम्म गाळी, नम्म मनीग… असं कायतरी. दोनदा म्हणली. हात करून.”

मी खाली बसले आणि हसायलाच लागले. निम्म गाळी नम्म मनीग बराकत्तैत्री. “अगं आई, गाळी म्हणजे शिवी नव्हे. कन्नडात गाळी म्हणजे वारा! तुमचा वारा आमच्या घरात येतोय, असं म्हणत होती ती.”

मला वाटलं, आता आईही हसेल. तिनं बोचकं खाली ठेवलं, पण हसली नाही.

“कसला वारा?” ती म्हणाली. “लाव बघू ते मशीन.”

मी मशीन लावलं. आई पायरी उतरली, गल्ली ओलांडली. गल्ली म्हणजे तरी केवढी, बैलगाडी जेमतेम जाईल एवढी. समोर जाऊन चरखीशेजारी, गंगव्वा बसते त्याच जागेवर बसली, आमच्या खिडकीकडं तोंड करून. गंगव्वा घाबरूनच गेली. “ओळग बर्री, आक्का, आत या की,” म्हणून हाताला धरायला लागली. आई हलली नाही. खिडकीतनं येणारा तो जाळ तोंडावर घेत बसून राहिली. मी दारातनं बघत होते. तिला धाप लागायला लागली तशी मी धावले, तर हातानंच मला थांबवून म्हणाली, “बंद कर जा.”

गंगव्वा माझ्याकडं बघून हळूच म्हणाली, “बाळ झळ ऐत्री.” म्हणजे फार झळ आहे हो. याचं मात्र भाषांतर आईला लागलं नाही. झळ तिकडं झळच, इकडं झळच.

घरात आल्यावर आई पाणी प्याली आणि बोलायला लागली. इतक्या वर्षांत न बोललेलं.

“आमच्या वखारीला खिडकी हुती, सुमे. चांगली मोठी. चाळायला लागलं की खकाणा उडायचा, तो खिडकीतनं पलीकडच्या बंगल्यात जायाचा. त्यांच्या गाद्यांवर, त्यांच्या ताटात. बंगलेवाल्यांनी बोंब मारली, तशी मालकानं खिडकीला फळ्या ठोकल्या. बंगल्यात जाऊ ने म्हणून समदा आमच्या छातीत भरला. दुपारच्याला वाटायचं, जीव जातोय आता. दाराच्या फटीला नाक लावून बसायचो आमी बायका, पाळीपाळीनं.” तिनं श्वास घेतला. “आन् आता मी गार बसायचं आन् गंगव्वानं माझी झळ खायाची? न्हाय जमायचं गं. त्यापरीस निपाणीच बरी.”

मी तिचा हात धरला. मला त्या मालकाचा, त्या बंगल्याचा संताप आला. आणि खरं सांगते, त्याच क्षणी मला आईचा अभिमानही वाटला. छातीत शिट्टी वाजतेय, दवाखान्याची पायरी चढून आलीय, आणि हिला पडलीय समोरच्या उंबऱ्याची.

“मग काय करू सांग,” मी म्हटलं. “नळी कुठं सोडू?”

“मला काय म्हायती? पर धुराडं असं असतंय व्हय, दुसऱ्याच्या दारात सोडल्यालं? धुराडं आभाळात सोडत्यात.”

ती सहज बोलून गेली आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या घरात खरंखुरं धुराडं होतं की! मागची चुलीची खोली. गॅस आल्यापासनं तिथं नुसती अडगळ. वर लाकडी माळा, खोली ठेंगणी, गल्लीची धूळ तिथवर पोचत नाही, एक दार परसात उघडतं. आणि चुलीच्या वर, भिंतीतनं निघून कौलांच्या वर गेलेलं, मालकांच्या आईच्या काळातलं धुराडं. मी पुण्याला फोन लावला. “भोक पाडणार नाही, आहे तेच भोक वापरते.” मालक हसले आणि बरं म्हणाले.

शनिवारी मिस्टर आले. शिडी गंगव्वाच्या घरातनं आणली. वरचं पत्र्याचं झाकण काढलं तर आतनं काजळी, काटक्या, कुणा पाखराचं सोडून गेलेलं घरटं, सगळं धो धो खाली आलं. मिस्टरांचं तोंड काळं, माझं तोंड काळं. गंगव्वा परसात उभी राहून हसतेय. कॉट आत आणली, मशीन चुलीच्या जागी बसवलं. नळी धुराड्यात घातली, तर धुराडं ऐसपैस आणि नळी बारीक. चहूबाजूंनी फट. गार हवा सगळी त्या फटीतनं वर जाणार. पुठ्ठा लावून बघितला, चिकटपट्टी लावून बघितली. काजळीवर कसली चिकटतेय ती! आम्ही नवरा-बायको वाद घालत बसलो.

वाद ऐकत आई बाहेरच्या खोलीत गेली. बराच वेळ आली नाही, म्हणून बघायला गेले. ती जमिनीवर बसली होती. बोचकं सोडलेलं. लुगडी, चष्मा, वडिलांचा फोटो, सगळं कॉटच्या जागी फरशीवर मांडलेलं. आणि ज्या निळ्या लुगड्यात ते बांधलं होतं, ते दुपदरी करून ती कात्रीनं कापत होती.

“परकराला नेफा घालतो न्हवं, तसा घालायचा,” माझ्याकडं न बघता म्हणाली. “वरचा घेर धुराड्यावढा, खालचा नळीयेवढा. नाडी ओवायची आन् आवळायची. चिकटपट्टी कशाला लागती?”

 बोलले तर ती ते लुगडं पुन्हा बोचक्याला लावेल, अशी भीती वाटत होती. मुकाट्यानं जाऊन सुईत दोरा ओवून दिला.

नाडी आवळली आणि फट गेली. मशीन सुरू झालं. गंगव्वा आपल्या उंबऱ्यावर जाऊन बसली, हात हवेत धरून बघितला आणि तिथनंच ओरडली, “गाळी इल्ला!” वारा नाही! आई परसात जाऊन मान वर करून धुराड्याकडं बघत राहिली. धूर नाही, काही नाही, नुसतं आभाळ.

“दिसत न्हाय,” म्हणाली, “पर जातंय.” मग म्हणाली, “आमच्या वखारीला येवढं एक असतं तर…” आणि पुढचं सोडून दिलं.

ती झोपली त्या खोलीत. पण परसाच्या दारात चप्पल आडवी सारून. मी म्हटलं, “गार सगळं बाहेर जातंय गं.” म्हणाली, “जाऊ दे. धुराडं वर हाय ते दिसतंय, पर दार उघडं दिसाय पायजे.” मी वाद घातला नाही. चपलेएवढा वारा तिच्या हक्काचा आहे, म्हटलं.

मग तो उन्हाळा तसाच, चपलेएवढ्या फटीनिशी सरला. दुपारी मशीनचा एकसुरी घुमारा, परसातल्या कढीपत्त्याच्या बुंध्यात ओतलेलं मशीनचं पाणी, वाळत घातलेल्या सांडग्यांवर कावळ्यांना हाकलणारी आई. दुपार चढली की गंगव्वा चरखी उचलून आत यायची, गार खोलीत बसून कांड्या भरायची, भरता भरता तिथंच आडवी व्हायची. दोघी आपापल्या भाषेत बोलायच्या आणि दोघींना सगळं कळायचं. राज्याच्या सीमेवरच्या कोगनोळीहून माझी मावशी फोन करायची, “आक्का एसीत बसलीया म्हणं! हितं नाक्यावर नुसता फुफाटा उठलाय.” आई तिला सांगायची, “हवेला कुटं नाका असतोय? तुज्याकडचाच फुफाटा हितं आलाय.” मग वळवाचं आभाळ आलं, नळी काढून धुराड्यावर झाकण घातलं. आई निपाणीला गेली ती दिवाळीत, भेटायला. बसची खिडकी उघडी ठेवून गेली आणि तशीच परत आली.

मला कधी कधी वाटतं, आभाळात सोडली म्हणून काय झळ संपते थोडीच? कुठंतरी ती उतरतच असणार. गावभर असे डबे गरम वारा सोडतायत, म्हणून तर गाव तापतंय, एवढं मलाही कळतं. फौंड्रीची चिमणी रोज बघते मी. आईच्या श्वासापुढं माझा नाइलाज आहे. पण घरात काही नवं आणलं, की याची पाठ कुणाकडं होणार, हे मी आता आधी बघते. आईमुळं लागलेली खोड आहे ती, आणि चांगली आहे.

तर परवा मी धुराडं काढलं. चुलीच्या खोलीत ढकलत नेलं, निळ्या लुगड्याचा नेफा नळीवर चढवला, नाडी आवळली. विरलंय आता ते कापड, पण टाकवत नाही. गंगव्वा आधीच चटईवर येऊन बसली होती. आई कॉटवर टेकली. मी बटन दाबलं, जरा वेळ थांबले, आणि परसाच्या दारानं बाहेर पडताना सवयीनं आईची चप्पल चौकटीत सारली.

“सुमे,” आतनं आई म्हणाली, “चप्पल काढ की गं.”

“का?”

“गार भाईर जातंय. धुराडं हाय न्हवं वर. दार लाव.”

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. “लावू?”

“लाव म्हणते न्हवं.”

मी चप्पल काढून घेतली. दार ओढलं. ती चप्पल हातात धरून परसात उभी होते, तर आतनं आईनं कडी घातली.